आमची वाटचाल: एसडी कार्डापासून भिंतीतल्या स्क्रीनपर्यंत

घरातले दिवे, पंखे, मोटर स्क्रीनवरून आणि मोबाइलवरून चालतील अशी मांडणी आम्ही नाशकात करून देतो. काम विचारायला येणारं गिऱ्हाईक सहसा स्क्रीनपासून सुरुवात करतं. हॉलमध्ये दाराजवळ दहा इंची टचस्क्रीन हवी, तिच्यावर दिवे, पंखे, गिझर, टाकीतलं पाणी सगळं दिसलं पाहिजे. आम्ही मात्र आधी स्विचबोर्ड उघडून बघतो. न्यूट्रल आहे का, अर्थिंग खरंच आहे की तिसऱ्या पिनेला नुसती हिरवी वायर लावून सोडलीय, जिन्याचा टू-वे (दोन जागांहून चालणारा) स्विच कुठून घेतलाय. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा भागातल्या नव्या फ्लॅटांत हे बहुधा ठीक निघतं. पंचवटी-भद्रकालीतल्या जुन्या वाड्यांत दोन पिढ्यांचं वायरिंग एकावर एक चढलेलं असतं. हा धंदा बारा आणे वायरिंगचा आणि चार आणे सॉफ्टवेअरचा. आमची पद्धत कशी नि का बदलत गेली, ते पुढे लिहिलंय.

घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर पहिल्यापासून एकच धरलं, होम असिस्टंट. २०१३ मध्ये पाउलुस स्खाउत्सेन यांनी सुरू केलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प २०२४ पासून ओपन होम फाउंडेशनकडे आहे. ते धरायचं कारण म्हणजे ते घरातल्याच संगणकावर चालतं. स्वस्तातले बरेच वायफाय स्विच कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरला विचारून दिवा लावतात. रस्ता खोदताना इंटरनेटची केबल तुटली की मोबाइलवरून शेजारच्या खोलीतला दिवासुद्धा लागत नाही. त्यापुढे आमचा स्वतःचा एक नियम आहे: घरातला हा संगणक, म्हणजे आमचा सर्व्हर, बंद असो, राउटर जळालेला असो, भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे. म्हणून रिले मॉड्यूल, म्हणजे संदेश आला की वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, मूळ स्विचच्या मागे बसवतो आणि स्विचची वायर मॉड्यूलच्याच इनपुटला देतो. स्विच काढून टाकून नुसती स्क्रीन ठेवा म्हणणारं काम आम्ही घेत नाही.

सुरुवातीची घरं रास्पबेरी पाय ४ या छोट्या, एसडी कार्डावर चालणाऱ्या संगणकावर केली. २०१९ चा हा बोर्ड ताकदीला पुरेसा होता, दगा दिला तो एसडी कार्डांनी. होम असिस्टंट प्रत्येक सेन्सरचा प्रत्येक बदल डेटाबेसमध्ये लिहीत असतं. वीज मोजणारं एखादं मॉड्यूल दर सेकंदाला आकडा पाठवू लागलं की दिवसाला ८६,४०० नोंदी त्याच्याच. कार्ड झिजतं, आणि लिहिता लिहिता लाइट गेली तर फाइलच मोडते. त्यावर तीन उपाय केले. कार्डाऐवजी एसएसडी डिस्क लावली. वीजमापकाला दर सेकंदाऐवजी दर ३० सेकंदांनी बोलायला लावलं. आणि वायफायची ताकद, ‘शेवटचं कधी दिसलं’ असल्या नोंदी साठवणीतून वगळल्या. मुळात १० दिवसांचा इतिहास राहतो, तो तेवढाच राहू दिला. वर्षाचा वीजवापर बघायचा तर त्याची तासावारी आकडेवारी वेगळी राहतेच.

पायचा दुसरा रोग चार्जरचा. त्याला सलग ३ अँपिअर देऊ शकणारा चार्जर लागतो. मोबाइलचा चार्जर आणि बारीक केबल लावली की व्होल्टेज ४.६३ च्या खाली जातं, पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण येते आणि यूएसबीवरची एसएसडी मध्येच गायब होते. माणसं सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतात आणि दोष केबलचा असतो.

२०२१-२२ च्या चिपटंचाईत पाय मिळेनात, तेव्हा ऑफिसांतून निघालेल्या वापरलेल्या मिनी पीसींकडे वळलो आणि परत आलोच नाही. आता नव्या कामाला इंटेल एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. सरासरी १० वॅट धरले तर महिन्याला ७.२ युनिट. घेतल्या दिवशी बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘वीज परत आली की आपोआप चालू’ हा पर्याय लावायचा. हा विसरला की पहिल्याच लाइट जाण्यानंतर फोन येतो आणि माणूस पाठवून नुसतं बटण दाबून यावं लागतं. पीसी आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायचे, आणि इन्व्हर्टरचा स्विच यूपीएस मोडवर ठेवायचा. साध्या मोडमध्ये बदलायला जास्त मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात काही अडॅप्टर डोळे मिटतात. जागा हवेशीर हवी. स्लॅबला टेकलेल्या माळ्यावर एप्रिल-मे मध्ये पीसी ठेवणं म्हणजे तो तव्यावर ठेवणं.

आता स्क्रीन. आधी भिंतीवर टॅब्लेट लावायचो. चोवीस तास चार्जिंगवर राहिलेल्या टॅब्लेटची बॅटरी फुगते आणि काच पुढे येते. स्मार्ट प्लग लावून ४० टक्क्यांना चार्जिंग चालू, ८० ला बंद, असं केलं की आयुष्य वाढतं, पण बॅटरी शेवटी भिंतीतच. म्हणून पुढे बॅटरीच नसलेली, एचडीएमआय आणि यूएसबीवर चालणारी १०.१ इंची, १२८० गुणिले ८०० ची स्क्रीन थेट सर्व्हरलाच जोडायला लागलो.

इथे एक अडचण येते. होम असिस्टंटची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम टाकली तर जोडलेल्या स्क्रीनवर काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरंच दिसतात, तिच्यात ब्राउझर नाही. म्हणून आम्ही मिनी पीसीवर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम टाकतो, त्यावर डॉकर. डॉकर प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवतं. त्यात होम असिस्टंट, उपकरणांचे संदेश पोचवणारं मॉस्किटो आणि झिग्बी या बिनतारी पद्धतीचे सेन्सर त्याला जोडणारं झिग्बी-टू-एमक्यूटीटी असे तीन कंटेनर. स्क्रीनसाठी पूर्ण डेस्कटॉप घालत नाही. ‘केज’ नावाचा छोटा प्रोग्रॅम एकच खिडकी पूर्ण पडद्यावर दाखवतो, त्यात क्रोमियम ब्राउझर किऑस्क मोडमध्ये, म्हणजे पट्ट्या-बटणांशिवाय. याची किंमत अशी, की होम असिस्टंटचे ॲड-ऑन (तयार जोड-प्रोग्रॅम) मिळत नाहीत, ते काम कंटेनरनी करावं लागतं आणि अपडेटची जबाबदारी आपली.

मांडणी सोपी वाटते, पण अडायच्या जागा बऱ्याच आहेत. होम असिस्टंटचा कंटेनर होस्ट नेटवर्कवरच, म्हणजे खुद्द पीसीच्या नेटवर्कवर, चालवायचा. नाहीतर घरातली उपकरणं आपोआप सापडत नाहीत, शिवाय स्क्रीनला दर वेळी पासवर्ड विचारला जातो. स्क्रीनसाठी वेगळा, ॲडमिन नसलेला वापरकर्ता करायचा आणि १२७.०.०.१ या पत्त्याला, म्हणजे त्याच पीसीला, विश्वासू नेटवर्क म्हणून तोच एक वापरकर्ता बांधून द्यायचा. तिथे एकच नाव निवडण्यासारखं असेल तरच लॉगिनचं पान वगळलं जातं. आणि हे लिहिताना नेहमीचा पासवर्डचा प्रकारही यादीत ठेवायचा, नाहीतर मोबाइलवरून सगळे बाहेर.

लाइट येते तेव्हा ब्राउझर होम असिस्टंटच्या आधी उठतो आणि ‘पान सापडत नाही’ दाखवून तसाच बसतो. म्हणून ब्राउझरच्या आधी एक छोटी स्क्रिप्ट ठेवतो. ती दर ५ सेकंदांनी होम असिस्टंटच्या ८१२३ पोर्टला विचारते, उत्तर आलं की मगच क्रोमियम उघडते. मागच्या वेळी नीट बंद झालं नाही ही क्रोमियमची तक्रारपट्टी सुरुवातीच्या पर्यायांतूनच बंद करायची. आठवडेच्या आठवडे उघडा राहिलेला ब्राउझर मेमरी खात जातो, तेव्हा पहाटे साडेतीनला तो बंद करून पुन्हा उघडायचा. डेबियनच्या छोट्या मांडणीत देवनागरी फॉन्ट नसतो, ‘देवघर’ लिहिलं की चौकोन दिसतात. नोटो फॉन्टचं पॅकेज टाकलं की काम झालं. उपकरणाची ओळख रोमनमध्ये आणि दाखवायचं नाव मराठीत ठेवतो, म्हणजे उद्या ‘माजघर’चं ‘हॉल’ केलं तरी ऑटोमेशन तुटत नाही.

स्क्रीन कधी कधी उलटी बसवावी लागते, कारण केबलची तोंडं वरच्या बाजूला हवी असतात. चित्र फिरवणं सोपं आहे, पण स्पर्श फिरत नाही: वरच्या डावीकडे बोट ठेवावं आणि खालच्या उजवीकडचा पंखा सुरू व्हावा. त्यासाठी टचच्या नियमांच्या फाइलमध्ये कॅलिब्रेशनचे सहा आकडे द्यायचे. १८० अंशांसाठी ते उणे १, ०, १, ०, उणे १, १ असे आहेत.

केबलचं माप आधी घ्या. यूएसबी २ साध्या केबलने ५ मीटरपर्यंतच. भिंतीत गाडलेल्या २५ मिमीच्या कन्सील पाइपात एचडीएमआयचं डोकं वळणावर हमखास अडकतं. सर्व्हर स्क्रीनच्या भिंतीच्या पलीकडच्या खोलीत आला तर दोन मीटरमध्ये भागतं. ते जमत नसेल तर पाइपातून कॅट ६ ही नेटवर्कची केबल ओढून स्क्रीनमागे एक रास्पबेरी पाय बसवतो आणि सर्व्हर कुठेही ठेवतो.

मग येतं भुताटकीचं प्रकरण. कुणी हात न लावता स्क्रीनवर बटणं दाबली जातात, दिवे लागतात-विझतात. कपॅसिटिव्ह टच बोटाची अगदी बारीक धारकता मोजतो आणि दोन पिनांच्या अडॅप्टरचं आउटपुट जमिनीच्या हिशेबात तरंगत असतं. मल्टिमीटरवर अर्थिंगपाशी शंभरेक व्होल्ट दिसतात, करंट नगण्य. हाच गोंगाट टचला बोट वाटतो. तीन पिनांचा, अर्थिंग असलेला अडॅप्टर लावला आणि बोर्डातलं अर्थिंग खरं असलं की प्रकार थांबतो. बंगल्याच्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे मात्र मे महिन्यात लक्ष द्यावं लागतं. माती सुकली की तिचा रोध वाढतो, आणि पावसाळ्यात शहाणी असलेली स्क्रीन उन्हाळ्यात वेड्यासारखं करते. खड्ड्यात पाणी ओतून बघा, फरक पडला तर मूळ सापडलं.

पहिल्या स्पर्शाचा त्रास वेगळा. बॅकलाइट बंद झालेली स्क्रीन उठवायला बोट लावलं की तोच स्पर्श खाली दडलेल्या बटणाला लागतो आणि रात्री दोनला हॉल उजळतो. आम्ही दोन मिनिटं हात लागला नाही की घड्याळाचं पान आणतो, त्यावर एकही बटण नाही. पहिला स्पर्श घड्याळावर पडतो. बटणं किमान १५ मिमीची, म्हणजे या स्क्रीनवर सुमारे ९० पिक्सेल. आजी-आजोबा वापरणार असतील तर त्याहून मोठी.

रिलेंमध्ये बहुतेक ठिकाणी टास्मोटा हे फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, आहे. वीज आल्यावर रिले कुठल्या अवस्थेत उठावा हे तिथे ठरवता येतं. मुळात तो आधीच्या अवस्थेत परत जातो. दिव्यांना ते ठीक आहे, गिझर आणि मोटरीला मात्र ‘बंद’ हेच लावायचं. यातली खरी मेख मे-जूनच्या वळवाच्या दिवसांत कळते. टास्मोटामध्ये एक सोय आहे: वीज आली आणि दहा सेकंदांच्या आत पुन्हा गेली असं सलग सहा वेळा झालं आणि सातव्यांदा टिकली, की उपकरण सगळी सेटिंग विसरून कोरं होतं. पासवर्ड विसरणाऱ्यांसाठी ती केलेली आहे. पण वादळात लाइट लपकाझपका करते तेव्हा हे आपोआप घडतं आणि सकाळी अर्ध्या घराचे रिले घरचं वायफाय विसरून स्वतःचं वेगळं वायफाय उघडून बसलेले असतात. सेट-ऑप्शन ६५ या सेटिंगला १ दिला की ही सोय बंद. आमच्या यादीत बोर्डचं झाकण लावण्याआधीची ही शेवटची पायरी आहे.

गिझर २००० वॅटचा म्हणजे २३० व्होल्टला ८.७ अँपिअर. रिलेवर १० लिहिलेलं असतं म्हणून तो त्यावर टाकू नका. गिझर आणि मोटर दोन्ही कॉन्टॅक्टरवर, म्हणजे मोठा करंट पेलणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचवर, रिले फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवतो. एलईडी दिव्यांचंही तसंच. वॅट थोडे, पण चालू होतानाचा झटका मोठा, आणि पंधरा-वीस डाउनलाइट एका रिलेवर घातले की संपर्क चिकटतात. बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरच्या) पंख्याला रेग्युलेटर मॉड्यूल अजिबात नाही, त्याला पूर्ण वीज देऊन रिमोटचे इन्फ्रारेड संदेशच पाठवायचे.

नाशकात पाणी ठरावीक वेळी येतं, त्यामुळे खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणं हेच घरच्यांना सगळ्यात उपयोगाचं वाटतं. ध्वनिलहरींनी पाण्याची पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आम्ही आता फक्त आकडा दाखवायला ठेवतो. वरच्या वीस-पंचवीस सेंटिमीटरमधलं त्याला दिसत नाही आणि झाकणाखाली साचलेले थेंब त्याला फसवतात. मोटर बंद करायचा हुकूम पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोट स्विचचा, आणि तो थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये, सर्व्हरच्या मध्यस्थीशिवाय. मोटर कोरडी फिरू लागली की तिचे वॅट घसरतात. पाणी असताना आणि नसताना त्याच मोटरीचे वॅट मोजून मधला आकडा लावायचा. तयार आकडा कामाचा नाही.

झिग्बीचा डोंगल पीसीच्या यूएसबी ३ पोर्टात थेट खोचला की सेन्सर हरवू लागतात, कारण त्या पोर्टाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झवरच पडतो. दीड मीटरची एक्स्टेन्शन केबल घ्या आणि यूएसबी २ पोर्ट वापरा. वायफाय १, ६ किंवा ११ वर पक्कं करून झिग्बी १५, २० किंवा २५ वर.

होम असिस्टंटची नवी आवृत्ती दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी येते. आम्ही ती तिसऱ्या आठवड्यात, बॅकअप घेऊन टाकतो, आणि गौरी-गणपती किंवा दिवाळीच्या आठवड्यात मुळीच नाही. बॅकअपची प्रत घराबाहेर जाते, ती उघडायची सांकेतिक किल्ली मात्र कागदावर छापून घरच्यांकडे. डीबी बॉक्सच्या दाराच्या आत एक कागद चिकटवलेला असतो: सर्व्हरची एमसीबी कोणती, राउटरची कोणती, आणि कुठल्या बोर्डमागे कुठलं मॉड्यूल. उद्या दुसरा वायरमन आला तरी त्याला आम्हाला फोन लावायची गरज पडू नये.