बाटलीतलं ग्लिसरीन, पिंपातलं ग्लिसरीन

बायोडिझेल बनवताना १०० किलो तेलामागे साधारण १० किलो ग्लिसरीन निघतं. साबणवाल्यांना आणि औषधवाल्यांना ते शुद्ध हवं असतं. कारखान्याच्या पिंपात मात्र तपकिरी, मिथेनॉलचा वास मारणारं, खारट ग्लिसरीन असतं. तसंच इंधनात टाकावं म्हटलं तर ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. अ‍ॅसिटोनशी त्याची प्रक्रिया केली की सॉल्केटल होतं. ते पेट्रोलमध्ये मिसळतं, ऑक्टेन थोडा वाढवतं आणि गोंदासारखा साका धरायचं प्रमाण कमी करतं. पुण्याजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत याचाच छोटा कॉलम, म्हणजे आतून द्रव वाहणारी उभी नळी, चालायचा.

कॉलममध्ये अ‍ॅम्बरलिस्ट-१५ हे रेझिन होतं, प्लास्टिकसारख्या पदार्थाचे खसखशीएवढे मणी. प्रक्रिया घडवणारं आम्ल, म्हणजे उत्प्रेरक, मण्यांनाच चिकटलेलं असतं, त्यामुळे बाहेर येणाऱ्या द्रवात आम्ल नसतं. तो धुवायला नको, उदासीन करायला नको, सरळ ऊर्ध्वपातनाला लावायचा. रेझिन वापरण्याचं निम्मं सुख यातच आहे. बाटलीतल्या शुद्ध ग्लिसरीनवर सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून एका कारखान्यातून पिंपातलं ग्लिसरीन मागवलं. सोबतच्या कागदावर मीठ ५ टक्के लिहिलेलं. बायोडिझेलमधला सोडियमचा अल्कली हायड्रोक्लोरिक आम्लाने मारतात, त्यातून हे मीठ येतं. अ‍ॅसिटोन घातल्यावर त्यातलं बरंचसं खाली बसलं, ते गाळून घेतलं. विरघळलेलं मीठ गाळणीला कुठलं जुमानतं!

सकाळी जीसीचे (गॅस क्रोमॅटोग्राफचे, म्हणजे मिश्रणात काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे आले. रूपांतर शुद्ध ग्लिसरीनच्या जवळपास. कारखान्याचे साहेब त्याच दिवशी यायचे होते, त्यामुळे सगळे खुशीत. त्यांच्यादेखतच साठलेला द्रव ऊर्ध्वपातनाला लावला. आधी अ‍ॅसिटोन निघालं. निघतच राहिलं, हिशेबापेक्षा कितीतरी जास्त. फ्लास्कमध्ये उरलं ते चिकट, घट्ट. नमुना जीसीवर चढवला तर सॉल्केटल नावापुरतं, बाकी ग्लिसरीनच ग्लिसरीन.

"सकाळी तर होतं म्हणालात," साहेब म्हणाले. मलाही दुसरं काय सुचत होतं?

ऑपरेटर काका कॉलमपाशी उभे होते. म्हणाले, "मॅडम, हे जरा बघा. या व्हॉल्व्हखाली गंज धरलाय. परवा स्टँड पुसला तेव्हा नव्हता." लोखंडी स्टँडवर नमुन्याचे थेंब पडायचे तिथे तांबूस डाग होता. इतके महिने तेच थेंब पडत होते, तेव्हा काही झालं नव्हतं. द्रवात पाणी मिसळून पीएचचा कागद बुडवला. लालभडक.

आम्ल मण्यांवर राहिलंच नव्हतं. मिठातला सोडियम रेझिनवर बसला होता आणि तिथला हायड्रोजन आयन क्लोराइडबरोबर बाहेर पडला होता, म्हणजे चक्क हायड्रोक्लोरिक आम्ल. द्रवात सुटलेल्या या आम्लानेच पुढे कॉलममध्ये आणि साठवणीच्या बाटलीत प्रक्रिया चालू ठेवली. म्हणून जीसीचा आकडा सुंदर. पण ही प्रक्रिया उलटही चालते. तापवताना अ‍ॅसिटोन उडून गेलं, पाणी आणि आम्ल मागे राहिलं आणि सॉल्केटल पुन्हा फुटलं.

खात्री करायला मण्यांच्या त्याच थरातून, म्हणजे बेडमधून, शुद्ध ग्लिसरीन सोडलं. रूपांतर जवळजवळ शून्य. मणी दिसायला जसेच्या तसे. मग पातळ सल्फ्युरिक आम्लाने बेड धुतला, भरपूर पाण्याने धुवून वाळवला, तेव्हा कुठे जीव परतला.

नंतर कागदावर मांडलेला हिशेब मला सगळ्यात बोचला. कोरड्या रेझिनची क्षमता किलोमागे ४.७ इक्विव्हॅलंट (तेवढे मोल सोडियम ते धरू शकतं), म्हणजे सुमारे २७५ ग्रॅम मीठ त्याला पुरतं संपवतं. ५ टक्के मीठ पूर्ण पोचलं तर साडेपाच किलो ग्लिसरीनमध्ये एक किलो रेझिन गारद. गाळल्यामुळे थोडं जास्त चालेल, एवढंच. उत्प्रेरक म्हणायचं आणि कच्च्या मालासारखं संपवायचं, हे कुठल्या धंद्यात बसतं? शोधनिबंधांत शुद्ध ग्लिसरीनवर शंभर-शंभर तासांचे आलेख दिसले की आता मी आधी मिठाचा आकडा शोधते.

साहेबांना म्हटलं, मीठ आधी काढावं लागेल, निर्वात ऊर्ध्वपातनाने.

ते हसले. "तेवढं शुद्ध केल्यावर मी ते साबणवाल्याला विकेन की. तुमच्याकडे कशाला आणू?"

याला माझ्याकडे अजून पूर्ण उत्तर नाही. सध्या अ‍ॅसिटोन वेगळ्या टाकीत मिसळतो आणि मीठ पुरतं बसू देतो. मुख्य कॉलमच्या आधी स्वस्त रेझिनचा एक बळीचा कॉलम लावलाय, आणि दोन्हींच्या मध्ये अल्कधर्मी रेझिन, सुटलेलं आम्ल पकडायला. धुण्याचा खर्च धरून भाव बसतो का, ते काढणं चालू आहे. जीसीच्या तक्त्यात पीएचचा रकाना मात्र कायमचा आला, आणि तो काकाच भरतात.