गुप्त पानावरची पेन्सिल

लिहू की नको करता करता दीड महिना गेला. रात्री आडवं पडलं की तेच तेच डोक्यात फिरतं, म्हणून शेवटी टाइप करायला बसलो.

मी रावेर-यावल पट्ट्यातल्या एका गावात ग्रंथपाल आहे. वाचनालय ब वर्गाचं, म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयांचा १९६७ चा कायदा, त्यावर मिळणारं अनुदान, ते येतं दोन हप्त्यांत, आणि माझा पगार त्या दोन हप्त्यांच्या मधे कुठेतरी लटकलेला असतो, बाकी समजून घ्या. पुस्तक बदलायला रोज पंधरा-वीस जण येतात, पेपर वाचायला तेवढेच म्हातारे, आणि अभ्यासिकेत मात्र तलाठी, पोलीस भरती, एमपीएससीवाली पोरंपोरी सकाळी सातला बॅग टाकून खुर्ची अडवतात. दिवसाचे दहा तास पुस्तकांच्या घरात बसायचं आणि वर्षभरात एक पुस्तक घरी न्यायचं नाही, असा हा वाचकवर्ग. असो, त्यांच्यामुळेच पंखे चालू ठेवायला कारण मिळतं.

तर तपासणीला जिल्ह्याहून साहेब येणार होते. त्याआधी आम्ही दाखल नोंदवही घेऊन एकेक पुस्तक पडताळतो. बाहेरच्या माणसाला वाटतं नंबर बघितला की झालं. तसं नसतं. शिक्का पहिल्या पानावर असतो, शेवटच्या पानावर असतो, आणि शिवाय एका ठरलेल्या आतल्या पानावर असतो, त्याला गुप्त पान म्हणतात. प्रत्येक वाचनालयाचं वेगळं, आणि आपल्या वाचनालयाच्या सगळ्या पुस्तकांत तेच. कोणी पहिलं-शेवटचं पान फाडून पुस्तक आपलं म्हणून मिरवलं तरी ते पान बोलतं. आमचं कितवं ते सांगणार नाही, पन्नासच्या आत आहे एवढंच.

सात नंबरच्या कपाटात ४१ इंग्रजी पुस्तकं आहेत. गावातली एक पोरगी पुण्यात आयटीत होती, ती परदेशी गेली तेव्हा दोन खोकी देणगी देऊन गेली. सगळ्या हल्लीच्या रोमँटिक कॉमेडी कादंबऱ्या. गुलाबी, पिवळी, मोरपंखी कव्हरं, त्यावर कार्टूनसारखी दोन माणसं, बहुतेकांना नाकडोळे नाहीत. मी रीतसर दाखल केली, ड्युईच्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे अमेरिकन लेखिका ८१३ मधे, इंग्लंडच्या ८२३ मधे, पाठीवर नंबर टाकले (आमच्या शिपायाला या दशांश नंबरांचं हसू येतं, येऊ दे). मी दोन दिवस रजेवर काय गेलो, या पठ्ठ्यानं कव्हरं बघून सगळी बालविभागात लावून टाकली. सहावीतला एक पोरगा त्यातलं एक घरी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा बाप मधलं पान उघडं धरून काउंटरवर उभा. कव्हरवर कार्टून आणि आत जे काय असतं ते असतं, आता हे त्याला कसं समजावणार. तेव्हापासून ती पुस्तकं माझ्या टेबलाशेजारी कुलुपात. त्यामुळे नेणारं गिऱ्हाईक एकच उरलं, अभ्यासिकेतली एक पोरगी. आजीच्या जुन्या कार्डावर एकेक मागायची आणि लक्ष्मीकांतच्या पॉलिटीखाली, म्हणजे राज्यघटनेच्या त्या जाड अभ्यासाच्या पुस्तकाखाली, दाबून घरी न्यायची. तीन वर्षं झाली तिला, एकदाच प्रीलिम निघाली. मी मनात म्हणायचो, निघेल कशी, रात्रीचं हे वाचते.

पडताळणीत त्या कपाटातलं पहिलं पुस्तक घेतलं, गुप्त पान काढलं, तर शिक्क्याखाली बारीक पेन्सिलीनं दोन ओळी. दुसऱ्यात पण. तिसऱ्यात पण. ४१ पैकी ३३ पुस्तकांत लिहिलेलं होतं, आणि बरोब्बर त्याच पानावर, म्हणजे आमचं गुप्त पान कोणाला तरी कळलेलं होतं. माझं डोकंच फिरलं. खोडरबर घेतलं आणि बसलो.

ही पेपरबॅक पुस्तकं पुसायला वाईट असतात. कागद रद्दीसारखा फुगीर, उलटसुलट घासलं की लव निघते आणि छपाईचं अक्षर पण फिकट होतं. एका हातानं पान शिवणीशी दाबून धरायचं, शिवणीकडून बाहेर एकाच दिशेनं हलकं हलकं पुसायचं, चुरा फुंकायचा नाही कारण तो शिवणीत जाऊन बसतो, दाढीच्या जुन्या ब्रशनं झाडायचा. आमच्या कॉम्प्युटरवाल्या पोराला सांगितलं तर तो व्हाइटनर लावून मोकळा होईल. अशी १४ पुसली, एकही धड न वाचता.

पंधरावं हातात घेतलं तेव्हा चहा आला म्हणून थांबलो आणि लिहिलेलं वाचलं. "नायकाला आठ एकर केळी असती तर पुस्तक याच पानावर संपलं असतं."

माझा पुतण्या ३५ चा आहे. बीएस्सी अॅग्री, ठिबक, टिश्यू कल्चरची रोपं, सगळं करतो, आणि मुलगी मिळत नाही. तालुक्यात असे किती आहेत विचारू नका. पोरींना पुण्याचा फ्लॅट पाहिजे, सासूसासरे नकोत, हे मी घरात रोज ऐकतो. आणि ही पोरगी आमच्या पैशाच्या पंख्याखाली बसून शेतकरी पोरांची चेष्टा करते, ते पण वाचनालयाच्या पुस्तकात, असं माझ्या डोक्यात बसलं. उठलो तो थेट अभ्यासिकेत गेलो आणि बावीस पोरापोरींसमोर तिला झापलं. आईबापानं अभ्यासाला पाठवलं की हे धंदे करायला, इथपर्यंत बोललो. ती उभी राहिली, पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "चुकलं सर." बस एवढंच. बॅग उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, काउंटर बंद करायच्या वेळेला, एक माणूस आला. तेहतीस-चौतीसचा, शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग (ते कशानं जात नाहीत, आमच्याकडे त्या डागांवरून माणूस ओळखतात), पहाटेपासून कापणीवर असणार. म्हणाला, "नाना, ते मी लिव्हलंय. पुतणी फक्त आणून द्यायची. तिला काही बोलू नका."

मला आधी समजेचना. म्हटलं काय लिव्हलंय?

"त्या पुस्तकांत. कार्ड माह्या आईचंय. मला इथं काउंटरवर गुलाबी पुस्तक मागायला लाज वाटते ना भो."

बसवलं, पाणी दिलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री. माझ्याकडे बोलायला काही नव्हतं म्हणून उरलेली १९ पुस्तकं टेबलावर काढली आणि मी एकेक गुप्त पान उघडत गेलो, तो शेजारी बसून बघत होता. अशी एकोणीस पुस्तकं एकाच पानावर कधी उघडून बघितली नव्हती मी. त्या पानापर्यंत दोघांची भेट झालेली असतेच, आणि ती कधी साधी नसते. चार पुस्तकांत अंगावर कॉफी सांडते. दोन ठिकाणी लिफ्ट बंद पडते. एकात कुत्र्यांचे पट्टे एकमेकांत अडकतात. तीन-चारांत ऑफिसात नवा साहेब येतो तो आदल्या रात्री जिच्याशी भांडला तीच समोर. कॉफीवाल्या एकात त्यानं लिहिलं होतं, "परत सांडली. आमच्याकडं चहा सांडला तर आधी बशीतला पिऊन घेतात, मग माणसाकडं बघतात." दुसऱ्यात, "नायक सहा फूट दोन इंच. आतापर्यंत एकवीस नायक, एकही पाच फूट पाच नाही, सगळ्या लेखिका एकाच टेपनं मोजतात." बेकरीवाल्या नायिकेच्या पानावर, "दिवसाला पाव किती जातात ते लिहिलं नाही. दुकानाचं भाडं कोण भरतं?" हॉटेलात एकच खोली आणि खोलीत एकच पलंग, हा प्रकार पाच पुस्तकांत आहे म्हणे, तिथं लिहिलेलं, "लग्नात चाळीस माणसं एका हॉलात गाद्या टाकून झोपतात, कोणाचं काही जमलेलं पाहिलं नाही." आणि एका ठिकाणी नुसतं, "मैत्रीण नायिकेपेक्षा भारी. पुढचं पुस्तक तिचं पाहिजे."

मी म्हटलं, एवढं खोटं वाटतं तर वाचतो कशाला?

तर तो तापलाच. खोटं कोण म्हटलं, म्हणे. हसवत हसवत दोन माणसांचं जमवणं सोपं नाही, संवाद तर असे लिहितात की रात्री मळ्यात एकटा हसतो मी. रात्रीची लाइट असली की पाण्याच्या पाळीला बसून वाचतो, मोबाइलच्या टॉर्चवर. त्याचा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता. त्यानं एक पुस्तक उचललं, शेवटचा आकडा बघितला, ३३६, मनात काहीतरी हिशोब केला आणि २६०च्या जवळ पान काढलं. "इथं भांडण. बघा." होतं. दुसरं घेतलं, ३८४ पानांचं, २९५च्या आसपास, होतं. तिसऱ्यात दहा पानं मागेपुढे झाली. "पाऊण पुस्तक झालं की भांडतातच. का, तर याचं तिनं अर्धंच ऐकलं. एका फोनचं काम असतं हो नाना, रेंज पण असते. पण तेवढी पन्नास-साठ पानं भरायची म्हणून फोन करत नाहीत. त्याच्याआधीचं सगळं चांगलं लिहिलेलं असतं आणि इथं लेखिका कंटाळा करते." नोंदवहीत पानांचा रकाना मी स्वतः भरतो, बावीस वर्षं भरतोय, त्या आकड्याचा असा काही उपयोग असतो हे मला माहीत नव्हतं.

मग म्हणाला, यांच्यात पैशाचं कोणी बोलत नाही. घर सुंदर, पगार अंधारात. ८२३ मधे आमच्याकडे 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची जुनी प्रत आहे, जेन ऑस्टिनची १८१३ ची कादंबरी, ती पण यानं नेऊन वाचलेली. "त्या बाईनं बघा, हीरो नाचाच्या हॉलात शिरून पाच मिनिटं होत नाहीत तर वर्षाला दहा हजार पाउंड हे सगळीकडं झालेलं असतं. बायोडाटाच तो. मग पुढं हसा, भांडा, काही करा, पण आकडा आधी सांगितलाय. मी एकतीस ठिकाणी पोहे खाल्ले. आकडा सांगितला की भेट संपते, आणि कॉफी सांडायला कोणी जवळ बसूच देत नाही." हे हसत म्हणाला. मी पण हसलो, आणि मग हसल्याचं वाईट वाटलं.

"शेवट गोड असतो हे पहिल्या पानापासून माहीत असतं, तेच बरं वाटतं," म्हणाला. "केळीचा भाव उद्या काय निघेल ते माहीत नसतं."

मग त्यानं विचारलं, बाकीची चौदा कुठंयत? मी दाखवली. पहिलं उघडून पान उन्हाकडे तिरपं धरलं, खळगे दिसत होते, वाचता येत नव्हतं. यात काय लिव्हलं होतं आठवत नाही आता, म्हणाला. मला तर माहीतच नव्हतं. दंड विचारला, मी नको म्हटलं, त्यानं पन्नासची नोट ठेवली, मी पावती फाडली, इतर जमा. जाताना न वाचलेलं एक पुस्तक मागितलं. आजीच्या कार्डावर दिलं.

साहेब आले त्या दिवशी बाकी सगळं जुळलं. शिक्के बघताना सात नंबरच्या कपाटातलं एक त्यांच्या हातात आलं, गुप्त पान उघडलं, आणि चष्मा वर करून बघत राहिले. मग आणखी एक मागितलं. मग आणखी एक. जे साहेब जमाखर्चाला दहा मिनिटं देत नाहीत ते तिथं अर्धा तास बसले. शेवटी शेरा लिहिला, 'काही ग्रंथांवर वाचकांनी लिखाण केल्याचे आढळले, ते पुसून अनुपालन अहवाल सादर करावा.' पेनाला टोपण लावता लावता विचारलं, "हा आठ एकरवाला लग्नाचाच असेल ना अजून?"

साहेबांना एका ओळीत कळलं. मी तीच ओळ वाचून पोरीवर धावून गेलो होतो.

अहवालाची मुदत गेली. चौदा पुसल्याचं खरं आहे ते लिहिलंय, पुढचं वाक्य सुचत नाही म्हणून कागद ड्रॉवरमधे आहे. पोरगी स्टँडमागच्या खाजगी अभ्यासिकेत जाते असं ऐकलं, तिथं महिन्याचे पैसे लागतात. तिच्या खुर्चीवर पोलीस भरतीवाला एक बसतो, खिडकीजवळची आहे, रिकामी थोडीच राहणार. दोनदा त्यांच्या घराकडे निघालो आणि विहिरीपासून परत आलो, सगळ्यांसमोर बोललेलं ओसरीवर चहा पीत कसं परत घ्यायचं ते समजत नाही. आजीच्या कार्डावरचं ते पुस्तक अजून आलेलं नाही, मुदत संपून २८ दिवस झाले, रोजचा एक रुपया. अशा वेळी घरी नोटीस जाते. ती मी काढलेली नाही.