बॅलरॅट: सोन्याच्या गावातली उधारी

मेलबर्नला पोचले त्याच रात्री ताईने कपाटातून आजीची गिन्नी काढली. तिच्या लग्नात आजीने तिच्या हातावर ठेवलेली. लहानपणी ही गिन्नी दसऱ्याला पूजेत असायची आणि राणीचं नाक कुणासारखं आहे यावर आम्ही दोघी भांडायचो. या वेळी ताईने भिंग दिलं. ‘मानेखाली बघ,’ म्हणाली. मोहरीएवढं इंग्रजी ‘एम’ अक्षर. मागच्या बाजूला घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि खाली साल, १८८५.

एम म्हणजे मेलबर्नची टाकसाळ. ती १८७२ साली सुरू झाली आणि मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया वसाहतीत होतं, तिथल्या खाणींचं सोनं या टाकसाळीत नाणं होऊन बाहेर पडायचं. आपण गिन्नी म्हणतो ते नाणं खरं तर सॉव्हरिन, पाऊण तोळ्याला जरासं कमी, बावीस कॅरेटचं. म्हणून तर सराफ बावीस कॅरेटला गिनी सोनं म्हणत आले. (मुंबईच्या टाकसाळीनेही १९१८ मध्ये सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडले, त्यांच्यावर ‘आय’ आहे.) आजीची गिन्नी समुद्र ओलांडून वाईच्या कुठल्या सराफाकडे कशी पोचली हे सांगायला आता कुणी नाही. पण सोनं निघालं कुठून ते बघता येण्यासारखं होतं. शनिवारी सकाळी आम्ही बॅलरॅटची गाडी पकडली.

मेलबर्नपासून सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे ते. दीड तासात उतरलो. स्टेशनबाहेर पडलं की लिडियार्ड रस्ता, आणि मी तिथेच थांबले. एका गावात इतक्या बँका? सोनं सापडलं १८५१ च्या ऑगस्टमध्ये, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या रस्त्यावर एकीला लागून एक अशा बँकांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या बऱ्याच लिओनार्ड टेरी नावाच्या एकाच वास्तुविशारदाच्या. खाली जाड दगडी जोतं, वर कोरीव खिडक्या, दार असं की आत जाताना माणसाने टोपी काढावी. वरच्या मजल्यावर मॅनेजरचं बिऱ्हाड, खाली तिजोरी. आता बहुतेक ठिकाणी कचेऱ्या आणि खाण्याची दुकानं आहेत.

ही दारं बघताना १८९३ आठवल्याशिवाय राहत नाही. त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत ऑस्ट्रेलियातल्या डझनभर बँकांनी दारं लावून घेतली. जमिनीच्या सट्ट्यात पैसा अडकला आणि लंडनच्या ठेवीदारांनी हात आखडता घेतला. बँक ऑफ व्हिक्टोरिया बंद पडली, कलोनियल बँक बंद पडली. बँक ऑफ न्यू साउथ वेल्स, युनियन आणि ऑस्ट्रलेशिया या तीन मोठ्या मात्र टिकल्या. दगड सगळ्यांचाच तितकाच जाड होता.

पण मी ज्यासाठी आले होते ते पुढे, टेकडीवर होतं. सॉव्हरिन हिल. जुन्या खाणींच्याच जागेवर १८५० च्या दशकातलं गाव पुन्हा उभं केलंय, १९७० पासून ते लोकांसाठी खुलं आहे. घोड्यांच्या गाड्या, लोहाराचा भाता, ओढ्यात थाळी हलवत बसलेली मुलं. ताई भाचीला घेऊन ओढ्याकडे गेली आणि मी सरळ दुकानांत शिरले. मी वाण्याची मुलगी आहे. वाईच्या बाजारपेठेत बाबांचं किराणा दुकान, आणि माझं निम्मं बालपण तिथल्या पोत्यांवर बसून गेलंय. क्लार्क ब्रदर्सच्या किराणा दुकानात पाऊल टाकलं आणि लाकडी गल्ला, भिंतीला छतापर्यंत फळ्या, चहाचे डबे, साबण, मेणबत्त्या बघून गळा दाटून आला. फळ्यांची उंचीसुद्धा तीच, काठीशिवाय हात न पोचणारी.

गल्ल्यावर पितळी काटा होता. इथल्या पहिल्या काही वर्षांत बँक आणि दुकान वेगळं नव्हतंच. कापडी तंबूवर निशाण लावलं की दुकान झालं. आत पीठ, चहा, फावडी, बूट आणि एका कोपऱ्यात सोनं तोलायचा काटा. नाणी मिळायची मारामार, त्यामुळे खाणकरी कातडी पिशवीतून भुकटी घेऊन यायचा आणि दुकानदार ती तोलून सामान द्यायचा, उरलेल्याचे पैसे द्यायचा. टाकसाळीचा भाव औंसाला ३ पौंड १७ शिलिंग साडेदहा पेन्स. पण सुरुवातीला खाणीवर हातात पडायचे तीन पौंड, कधी त्याहून कमी. सोनं उदंड आणि नाणं दुर्मीळ, वर ते लंडनला पोचेपर्यंतचा खर्च आणि जोखीम घेणाऱ्याच्या डोक्यावर. बँका आल्या, त्यांच्यात चढाओढ लागली, १८५५ मध्ये सिडनीला टाकसाळ निघाली, तेव्हा कुठे भाव टाकसाळीच्या जवळ सरकला.

शेजारच्या सोने खरेदीच्या कचेरीत जुन्या वेशातले एक गृहस्थ होते. मी काट्याकडे टक लावून बघतेय हे पाहून त्यांनी वजनांची पेटी माझ्यापुढे सरकवली. मखमलीच्या खळग्यांत बसवलेली वजनं, सगळ्यात लहान म्हणजे पत्र्याचा नुसता तुकडा, कोपरा वर वळवलेला, चिमट्याने उचलायला. तो एक ग्रेन. ४८० ग्रेनचा एक औंस. मी मनात हिशेब केला. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनला पक्का केला, म्हणजे तीन औंस बरोबर आठ तोळे, ना गुंज इकडे ना तिकडे. बॅलरॅटचा काटा आणि आमच्या सराफकट्ट्यावरचा काटा एकाच मापाने बांधलेले होते. कसोटीचा काळा दगडही तिथे होता, रेघ ओढून वर तेजाब लावायचा तोच. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे परीक्षेलाच कसोटी म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला.

उधारीची गोष्टही त्यांनीच काढली, आणि दिवसभरातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे.

वरवरचं सोनं लवकर संपलं. खरं सोनं होतं खोल, जुन्या नद्यांच्या गाडल्या गेलेल्या पात्रांत, शंभर फूट आणि त्याहूनही खाली. मध्ये चिखल, वाळू, पाणी. विहीर खणत जायची, बाजूंना लाकडी फळ्या ठोकत जायचं, पाणी उपसत राहायचं. तळाला पोचायला सहा-सहा, नऊ-नऊ महिने. तेवढा काळ आठ-दहा भागीदारांच्या हातात एक दाणा सोनं नाही. आणि बाजूने दहा फूट चुकलं तर तळाशी काहीच नाही.

मग ती माणसं खात काय होती? दुकानदार देत होता. पीठ, मांस, मेणबत्त्या, दोर, सगळं वहीवर. काही दुकानदार बदल्यात विहिरीत हिस्सा घ्यायचे, म्हणजे विहीर कोरडी गेली की दुकानदारही बुडाला. गहाण ठेवायला खाणकऱ्याकडे तंबू आणि फावडं यापलीकडे काही नव्हतं, तेव्हा बँकेकडून कर्ज मिळण्याचा प्रश्नच नव्हता. बॅलरॅटचं खोल सोनं वर आलं ते वाण्यांच्या उधारीवर. याच हिश्श्यांची पुढे खरेदी-विक्री सुरू झाली, स्टर्ट आणि लिडियार्ड रस्त्यांच्या कोपऱ्यावर उघड्यावर शेअर बाजार भरू लागला, आणि १८८० च्या दशकाच्या शेवटी त्याची मायनिंग एक्स्चेंज ही देखणी इमारत झाली. इमारती बँकांच्या आणि दलालांच्या उरल्या. वाण्यांचे तंबू कधीच उडून गेले. मला हे फार लागलं.

युरेकाचं, म्हणजे इथल्या खाणकऱ्यांचं बंडही मला तिथे उभं राहून नीट कळलं. सरकारला परवान्याचे दरमहा पैसे हवे होते, आधी दीड पौंड (तीस शिलिंग), १८५४ पर्यंत एक पौंड, सोनं सापडो न सापडो. नऊ महिने कमाई नसलेल्या माणसाकडे शिपाई परवाना मागत फिरत. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सैन्याने खाणकऱ्यांच्या तटबंदीवर हल्ला केला. त्या तटबंदीच्या आत दुकानही होतं. पुढच्याच वर्षी मासिक परवाना गेला आणि वर्षाला एक पौंड आकार आला.

चिनी तंबूंकडे मी थोडाच वेळ होते, पण एक गोष्ट मनातून जात नाही. १८५५ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीच्या सरकारने बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंड कर बसवला. तो चुकवायला ही माणसं शेजारच्या वसाहतीत, रोब बंदरात उतरून सामान खांद्यावर घेऊन चालत आली. चारशे किलोमीटरच्या आसपास.

दुपारी सोनं ओतण्याचा प्रयोग पाहिला. मुशीतून लालभडक रस साच्यात पडतो आणि बघता बघता पिवळी वीट होते. १८५८ च्या जूनमध्ये जवळच्याच बेकरी हिलवर १८० फूट खोल कॉर्निश (इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या) खाणकऱ्यांना ६९ किलोंचा एकच गोळा सापडला होता, त्याचं नाव वेलकम नगेट. साडेदहा हजार पौंडांना विकला गेला, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांनी पाहिला, आणि १८५९ मध्ये तिथल्या टाकसाळीने वितळवून त्याचे सॉव्हरिन केले. भाची म्हणाली, ‘मावशी, तसाच का नाही ठेवला?’ मलाही तसाच बघायला आवडला असता.

परतीच्या गाडीतून बाबांना फोन लावला. वाईत दुपार होती, दुकानात गिऱ्हाईक नसावं. मी खोल विहिरींचं, वहीचं सगळं सांगितलं.

‘नऊ महिने उधार?’ बाबा म्हणाले. ‘आणि तो माल कुठून आणत होता?’

‘मेलबर्नच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून. तोही उधारच.’

‘म्हणजे दोन्हीकडून अडकलेला.’ थोडा वेळ ते बोलले नाहीत. मागे कुणीतरी पाव किलो शेंगदाणे मागितल्याचं ऐकू आलं, मग कागदाचा आवाज. ‘अगं, काट्याचा फोटो काढलायस ना? बघ बरं, तोंड कुणाकडे आहे त्याचं.’

मी फोटो मोठा करून पाहिला. गल्ल्याच्या अगदी मधोमध, काटा आडवा, दोन्ही पारडी दोघांनाही दिसतील असा.

‘मधे आहे,’ मी म्हटलं.

‘मग ठीक आहे,’ म्हणाले, आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला.