दिवसभर गुडघे, रात्री गॉडझिला

"काय ओ मॅडम, दिवसभर आमची मोडकी हाडं बघताय, आणि घरी जाऊन परत हाडं मोडल्यालीच बघताय व्हय?"

आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो. मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्यावर शेक ठेवला की पेशंटला पंधरा-वीस मिनिटं हलता येत नाही. मग पाऊस, ऊस, सुनांची पोरं असं सगळं बोलून होतं, आणि रविवारी कुठला पिक्चर बघितला हेही मी सांगून बसते. माझ्या भाच्याचा प्रश्न वेगळा: "मावशी, मारामारीत तुला काही होत नाही आणि कार्टून बघताना रडतेस, हे काय?" उत्तर दोघांनाही एकच आहे, पण एका शेकात मावत नाही. म्हणून इथं जरा सविस्तर सांगते.

मला पडद्यावर वजन बघायला आवडतं.

माझ्या खोलीत दोन साधे वजनकाटे शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. ऑपरेशन झालेल्या माणसाला एकेक पाय एकेका काट्यावर ठेवून उभं करायचं. तो छातीठोकपणे सांगतो, "दोन्हीवर सारखाच भार टाकलाय." खाली बघावं तर एकावर ४२, दुसऱ्यावर २३. तोंड खोटं बोलतं असं नाही, शरीरच दुखऱ्या पायाला वाचवत असतं आणि मालकाला कळवतही नाही. दिवसभर हे बघितल्यावर संध्याकाळी पिक्चर लावला, तरी डोळे आपोआप तोच काटा शोधायला लागतात. इथं कोण पडलं? कशावर पडलं? उठताना हात कुठं टेकला?

बहुतेक महागडे सुपरहिरो इथंच नापास होतात. हिरो चार भिंती फोडून पलीकडे जातो, उठतो, खांद्यावरची धूळ झटकतो आणि विनोद मारतो. काट्यावर शून्य. आवाज केवढा, पण मला त्यात जांभई येते. पोरं ओरडत असतात म्हणून मीही बसते, एवढंच.

याउलट 'जॉन विक' या मारधाडीच्या पिक्चरचा चौथा भाग, २०२३ चा. गोष्ट विचाराल तर दोन ओळींची. अंगातला कोट गोळी अडवतो म्हणे, मग सगळे तो तोंडापुढे धरून धावतात, तेव्हा मी मोठ्यानं हसले होते. पण शेवटाकडे पॅरिसच्या साक्रे-कर चर्चच्या टेकडीच्या पायऱ्या येतात. २२२ पायऱ्या. सूर्योदयाच्या आत वर पोचायचं आणि प्रत्येक टप्प्यावर माणसं मारायला उभी. हिरो जॉन कसाबसा जवळजवळ वर पोचतो, तिथं लाथ बसते आणि गडी गडगडत खाली येतो, अगदी तळापर्यंत. ते गडगडणं संपतच नाही. आधी हसू येतं, मग थांबतं, मग आपलीच बरगडी दुखायला लागते. दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की स्वतः आधी स्टंटमन होता, 'मेट्रिक्स'मध्ये याच हिरोच्या, किआनू रीव्हजच्या जागी उड्या मारणारा. पायरीची कड पाठीला कुठं लागते हे त्याला सांगावं लागत नसणार.

पायऱ्या हा माझ्या धंद्यातला रोजचा विषय. उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो. पेशंटला पहिला धडा देतो तो असा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. त्यामुळे जॉन परत पहिल्या पायरीशी उभा राहून वर बघतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी ओळखते. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी जिन्यापुढे उभं केलं की लोक असंच वर बघतात.

'ड्यून' या वाळवंटी ग्रहावरच्या पिक्चरचे दोन्ही भाग मी मागच्या महिन्यात लागोपाठ बघितले. आमचे हे पहिल्या भागातच झोपले, आणि खरं सांगायचं तर त्यांचा फार दोष नाही. सगळे जण इतक्या हळू आणि गंभीर बोलतात की वाटावं, कुणीतरी आयसीयूत आहे. पण त्यात एक चाल आहे. वाळूखाली प्रचंड किडे असतात आणि एका लयीत पावलं पडली की ते धावून येतात. म्हणून तिथली माणसं मुद्दाम बेताल चालतात: एक पाऊल, थांब, पाय ओढ, दोन छोटी पावलं, पुन्हा थांब. नृत्यदिग्दर्शक बेंजामिन मिलपिएनं ती चाल बसवली. मी रोज आठ तास "एक-दोन, एक-दोन, लय सोडू नका" म्हणून घसा कोरडा करणारी बाई. लय पकडली की जीव जातो असला ग्रह बघून मला अंगावर काटा आला. अर्धांगवायूच्या पेशंटांना तिथं किडा खाणार नाही, हा विचार आला आणि त्याची लाजही वाटली.

'गॉडझिला मायनस वन' मात्र डोळे झाकून बघा. म्हणजे उघडे ठेवूनच बघा. युद्ध हरलेला जपान, मरायला पाठवलेला पण विमान बिघडल्याचा बहाणा करून जिवंत परतलेला वैमानिक, आणि वरून हा राक्षस. ६१० दृश्यांचे इफेक्ट्स जेमतेम ३५ माणसांनी केले आणि २०२४ चं ऑस्कर नेलं. लाकडी बोटीमागे तो पोहत येतो तेव्हा पाणी त्याच्या छातीवरून ज्या जडपणानं बाजूला होतं, ते बघितल्यावर त्याचं वजन कुणी सांगावं लागत नाही.

आता भाच्याचा प्रश्न. कार्टूनमध्ये तर खरं वजन कणभरही नसतं. स्टंटमन नाही, पायरी नाही, पाणी नाही. जे काही जड दिसतं ते कुणीतरी बसून एकेक चौकट विचार करून जड केलेलं असतं. म्हणून तिथं मी जास्त हरते.

'फ्लो' नावाचा लॅटव्हियाचा पिक्चर आहे, गिंट्स झिल्बालोदिसचा. २०२५ मध्ये ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालेला. ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला. संवाद एकही नाही. जग पाण्याखाली चाललंय आणि एका होडीत एक काळी मांजर, एक कॅपिबारा (उंदराच्या जातीतला भलामोठा प्राणी), एक लेमूर (माकडासारखा प्राणी), एक कुत्रा आणि लांब पायांचा एक सेक्रेटरी पक्षी. प्राणी प्राण्यांसारखेच वागतात, मध्येच उठून गाणं म्हणत नाहीत, याबद्दल त्या दिग्दर्शकाला माझ्याकडून नारळ. कॅपिबाराचा खरा आवाज फारच चिरका निघाला म्हणून उंटाच्या पिल्लाचा वापरला, ही त्यातली गंमत.

मांजर उडी मारण्याआधी काय करते बघा. मागचे पाय आत घेते, बूड जरा हलवते, भार मागे नेते आणि मगच सुटते. 'फ्लो'मधली मांजर कधी कधी हे करूनही उडी मारत नाही. मन बदलतं. ते बदललेलं मन तिच्या खांद्यात दिसतं. आणि तो पक्षी. मांजरीची बाजू घेतो म्हणून त्याच्याच थव्याचा म्होरक्या त्याचा पंख जायबंदी करतो. थवा निघून जातो. हा होडीत येतो आणि गुपचूप सुकाणू धरून उभा राहतो. माझ्याकडे खांदा मोडलेले पेलवान येतात. आखाडा बंद झालेला माणूस दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांना डाव शिकवायला बसतो, तेव्हा नेमका असाच ताठ उभा असतो. भाच्या, तिथं मी रडले. झालं समाधान?

'वॉल-ई' जुना, २००८ चा. मागच्या रविवारी भाचीसाठी पुन्हा लावला. त्यातली माणसं सातशे वर्षं अंतराळयानात, तरंगत्या खुर्च्यांवर पडून, गोल गरगरीत झालेली. हाडं आक्रसलेली. हे निव्वळ थट्टेनं घेऊ नका. खऱ्या अंतराळवीरांचंही भार पेलणारं हाड तिकडे महिन्याला साधारण १ ते १.५ टक्का झिजतं, म्हणून त्यांना रोज दोन तास व्यायाम करावा लागतो. तर त्या यानाचा कप्तान शेवटी खुर्ची सोडून स्वतःच्या पायांवर उभा राहतो. मागे ते गाजलेलं भव्य संगीत वाजतं. भाची खदाखदा हसत होती. मी सोफ्यावरून पुटपुटत होते, "पुढं वाक, अजून पुढं वाक, नाक अंगठ्याच्या पुढं ने." खुर्चीतून उठायचं तंत्र तेच आहे, अंतराळात काय आणि मिरजेत काय.

परवा एका आजोबांना मी पॅरिसच्या पायऱ्यांचा तो तुकडा मोबाइलवर दाखवला. वय ७१, उजवा गुडघा बदललेला, बेडग रोडवरून रिक्षानं येतात. जिना चढायचा सराव चालू आहे, पण रेलिंग धरा म्हटलं की भडकतात: "मी काय म्हातारा झालोय व्हय?" शेक चालू होता तेवढ्यात त्यांनी सगळं बघितलं. गोळ्या, लाथ, गडगडणं. चष्मा वर सरकवला, मोबाइल जवळ घेतला, ते खाली येणं पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

मग मला म्हणाले, "पर मॅडम, मधी येवढं रेलिंग दिसतंय की. धराय काय झालंय त्येला?"