अण्णांच्या वहीतलं गवत

आमच्या पाटोद्याकडं दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. त्यामुळं माळावरचं गवत कापायची घाई त्याआधीच. आमचं दोन एकर बरड आहे; पवन्या, कुसळी, मधेमधे मारवेल. अण्णा दरवर्षी पेंढ्या विकायचे. 2020 साली मी म्हणालो, यंदा कापायचं नाही.

"कशापायी?"

"भोवत्या उतरतात तिथं."

अण्णा तांब्या खाली ठेवून उठून गेले.

भोवत्या म्हणजे घारीपेक्षा सडपातळ, गवताच्या शेंड्यावरून तरंगत जाणारा शिकारी पक्षी. हिवाळ्याला मध्य आशियातून येतो, नाकतोडे टिपतो आणि रात्री झाडावर न बसता जमिनीवरच, उंच गवतात झोपतो. गुजरातेत वेळावदरला काळविटांसाठी राखलेल्या कुरणात असे शेकड्यांनी उतरतात. आमच्याकडं चारच दिसले होते.

पहिल्या वर्षी नुसतं राखलं आणि फसलो. जानेवारीत कुणीतरी बांध पेटवला, वारा सुटला, अर्ध्या तासात सगळं काळं. अण्णा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

पुढच्या वर्षी आधी चारी बाजूंनी दहा फूट पट्टा कापून, खरवडून जाळरेषा काढली. मग मेंढपाळाशी बोलणी. त्याला उभं गवत दाखवायचं आणि मेंढ्या आत घालू नको म्हणायचं, हे तोंडानं निघता निघेना. ठरलं असं: पुढचं अर्धा एकर दिवाळीनंतर लगेच त्याचं. मागचं दीड एकर होळीपर्यंत शिवायचं नाही; तोवर पक्षी परतीला लागतात, मग तेही त्याचं. "कागद करायचा का?" त्यानं विचारलं. नाही केला. शब्द त्यानं पाळलाय. (कुत्रं एकदा घुसलं होतं, ते सोडा.)

पाण्यासाठी सिमेंटची जुनी टाकी पुरली. आठवड्यातच तीत ससा बुडून मेला. तेव्हा कुठं आत दगडांचा उतार रचायचं सुचलं.

डिसेंबरात बांधावर कांबळं घेऊन बसलो. दिवस बुडाला तसा एक आला, पाठोपाठ दुसरा. गवतावर घिरट्या, एकदम खाली, गायब. पुन्हा वर, पुन्हा दुसरीकडं खाली. गावच्या बसमध्ये खिडकीची जागा शोधावी तसं. अंधार पडेस्तोवर सात मोजले.

सकाळी ते उडून गेल्यावर आत गेलो. दबलेल्या गवतात अंगठ्याएवढी करडी गोळी पडली होती, पक्ष्यानं ओकून टाकलेली. बाभळीच्या काट्यानं फोडली. आत नाकतोड्यांच्या तंगड्याच तंगड्या, करवतीच्या दात्यांसकट. तळहातावर घेऊन अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा चढवला, बघितलं, म्हणाले, "ज्वारीतलेच हायेत."

रानडुकरंही आली. शेजारच्यांची ज्वारी लोळवली. वन विभागाकडं त्यांच्या भरपाईचा अर्ज मीच लिहिला, पंचनाम्याला मीच उभा राहिलो. पैसे मिळाले, पण ते अजून माझ्याशी तोडकंच बोलतात. त्यांचंही खरं आहे.

अण्णांनी मात्र वेगळाच हिशेब धरलाय. त्यांच्या लाल वहीत माझ्या नावावर दर दिवाळीला 'न कापलेलं गवत' अशी रक्कम चढते. यंदा बघितलं तर पेंढीमागं दोन रुपये वाढवलेत.