घड्याळ ठोके मोजतं, कॅलरी नाही

"मॅडम, आज साडेचारशे कॅलरी जळल्या!" असं कुणी मनगटावरचं स्मार्ट घड्याळ पुढे करून सांगितलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. एकूण साडेचारशे, की व्यायामामुळे जास्तीच्या साडेचारशे? बहुतेकांनी हा फरक कधी पाहिलेलाच नसतो, आणि खाण्याचा हिशेब नेमका तिथेच चुकतो.

साठ किलोचा माणूस नुसता बसून राहिला तरी तासाला साधारण साठ किलोकॅलरी (बोलताना आपण हिलाच कॅलरी म्हणतो) खर्च करतो. बऱ्यापैकी वेगाने चालताना हा खर्च सुमारे साडेतीन पट होतो, म्हणजे तासाला दोनशे दहा. त्यातल्या साठ तर बसूनही गेल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई दीडशेची. ॲपने पूर्ण दोनशे दहा "आज एवढं जास्त खाता येईल" म्हणून दाखवल्या, तर साठ दोनदा मोजल्या गेल्या. घड्याळाचा अंदाज अगदी बरोबर असला तरीही.

आणि तो बरोबर असण्याची शक्यता कमीच. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत आम्ही धावणाऱ्याच्या तोंडाला मास्क लावतो, त्याने किती ऑक्सिजन घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते मोजतो. एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की साधारण पाच किलोकॅलरी खर्च झाल्या, हा त्यामागचा हिशेब. मनगटावरच्या पट्ट्याला या श्वासाचा पत्ताच नसतो. तो त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो, रक्त तो किती शोषतं यावरून हृदयाचे ठोके ओळखतो, हाताची हालचाल टिपतो आणि तुम्ही भरलेलं वय, वजन, उंची घेऊन एका सूत्रातून आकडा काढतो.

2017 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात उपकरणं साठ स्वयंसेवकांच्या हातांवर तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहा उपकरणांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती, हे खरंच कौतुकाचं आहे. कॅलरीत मात्र सर्वांत चांगलं उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. ती घड्याळं आता जुनी झाली, सूत्रंही बदलली असतील. पण श्वासातला ऑक्सिजन मोजण्याची सोय मनगटावर अजून आलेली नाही.

माझी आई रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेते. "अगं, एवढी दमून आले आणि हे म्हणतं हलका व्यायाम!" असं ती मला वैतागून म्हणाली होती. त्या गोळीने ठोके फारसे वाढतच नाहीत, मग ठोक्यांवरून हिशेब करणारं घड्याळ तिची मेहनत कमी धरणारच. उलट भीती, उकाडा, कडक कॉफी यांनी ठोके वाढतात, पण स्नायूंचं काम त्या प्रमाणात वाढत नाही. वजनं उचलताना तेच होतं. ट्रेडमिलचा दांडा धरून चाललात किंवा ट्रॉली ढकललीत, तर हात हलत नाही आणि मोजणीतून पावलंही गळतात.

सायकलवाल्यांचं मला बरं वाटतं. पेडलला पॉवर मीटर असेल तर प्रत्यक्ष केलेलं काम किलोज्यूलमध्ये मोजलं जातं. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्साच पेडलपर्यंत पोहोचवतं, आणि एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे 4.2 किलोज्यूल. म्हणजे एकदा साधारण चारने गुणायचं आणि एकदा साधारण चारनेच भागायचं, म्हणून पाचशे किलोज्यूल काम केलं तर साधारण पाचशे किलोकॅलरी खर्च झाल्या असं धरता येतं. वर्गात हे फळ्यावर मांडताना मला दर वेळी आनंद होतो.

म्हणून घड्याळ काढून ठेवा असं मी कुणाला सांगत नाही. तोच माणूस, तेच घड्याळ, तोच रस्ता असेल तर गेल्या महिन्याशी तुलना जरूर करा. वजन बदललं की सेटिंगमध्येही बदला, कारण सूत्र जुन्याच वजनावर चालत राहतं. पण घड्याळाने दिलेल्या कॅलरी ताटात परत घेऊ नका. रोजचा खर्च खरंच जाणून घ्यायचा असेल, तर तीन-चार आठवडे काय खाता ते प्रामाणिकपणे लिहा आणि सकाळी उपाशीपोटी वजन करा. वजन जागेवर राहिलं तर जेवढं खाल्लंत, साधारण तेवढाच तुमचा खर्च आहे.