एच नंबरची 240 डी

जर्मनीत गाडीला 30 वर्षं झाली की तिच्या नंबरच्या शेवटी 'एच' लागू शकतो. दिसायला अक्षर एकच, पण पैशात हिशोब केला तर मोठं. 2.4 लिटरच्या जुन्या डिझेल मर्सिडीजला वर्षाला 900 युरोच्या आसपास रोड टॅक्स बसतो. एच लागला की सरसकट 191.73 युरो. शिवाय श्टुटगार्ट शहरात जुन्या डिझेल गाड्यांना बंदी आहे, ती एचवाल्यांना लागू नाही. कुठल्या गाडीला एच द्यायचा आणि कुठल्या नाही, याचा अहवाल लिहिणं हे माझं काम. मी मूळचा चिंचवडचा. गाड्या डिझाइन करायच्या म्हणून शिकायला आलो आणि गाड्यांच्या खाली उभं राहण्यात रमलो.

बाकीचे दिवस साध्या तपासणीत जातात. इथे गाडी साधारणपणे दर दोन वर्षांनी दाखवावी लागते. लोकांना वाटतं आम्ही इंजिन तपासतो. इंजिन कसं पळतं याच्याशी आमचं फारसं देणंघेणं नसतं. आम्ही बघतो ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर आणि सगळ्यात जास्त पत्रा. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीच्या पोटात शिरून वर्षानुवर्षं काम करत राहतं. एचसाठी याच्या जोडीला आणखी अटी: गाडी बरीचशी मूळ स्वरूपात हवी, बदल असलेच तर त्या काळातले हवेत, आणि ती चांगली जपलेली हवी. वाहनतंत्राचा सांस्कृतिक वारसा जपणं, असा नियमातला हेतू आहे.

वारसा म्हटलं की मर्सिडीजवाले आघाडीवर. हौशी संग्राहक येतात ते जाडजूड फाइल घेऊनच. त्यात 1886 चं कार्ल बेंझचं पेटंट. मग 1888 मध्ये बेंझची बायको बर्टाबाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या, वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, ते. जिच्यावरून गाडीला नाव पडलं ती गाड्यांचा व्यापारी येलिनेकची मुलगी मर्सिडीज, 1926 चं डाइमलर आणि बेंझचं विलीनीकरण, 1934 च्या चंदेरी रेसिंग गाड्या. आणि पुढचं पान थेट 1954 चं, वर उघडणाऱ्या दारांची 300 एसएल. मधली वीस वर्षं गायब. 1944 मध्ये या कंपनीतले जवळजवळ निम्मे कामगार सक्तीने आणलेले होते: परदेशी नागरिक, युद्धकैदी, छळछावण्यांतले कैदी. हे आता कंपनीही लपवत नाही, तिच्या संग्रहालयातही त्याचा उल्लेख आहे. पण फाइलवाल्यांना ते पान नको असतं. त्यांच्या गाड्या वर्षातून चार रविवारी बाहेर निघतात आणि मी त्यांना एच देतो, कारण नियमात त्या बसतात.

तर, नोव्हेंबरातल्या एका सकाळी 1984 ची मर्सिडीज 240 डी आली. डब्ल्यू 123 मालिकेतली, बदामी रंगाची. सोबत तिशीतली नात आणि ऐंशी ओलांडलेले आजोबा. ती त्यांना 'देदे' म्हणत होती, तुर्की भाषेत आजोबा. जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला 1961 मध्ये. देदे त्या लाटेतले. झिंडलफिंगनच्या कारखान्यात बॉडी विभागात आयुष्य काढलं. कामगारांना नवी गाडी सवलतीत मिळते आणि वर्षभराने ती विकण्याची इथे पद्धतच आहे. अशी एका सहकाऱ्याची वर्ष वापरलेली गाडी त्यांनी घेतली. मग दर उन्हाळ्यात ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया करत गावी. टपावर कॅरिअर, कॅरिअरवर गालिचे, टीव्ही, एकदा तर फ्रीज. नातीकडे फोनमध्ये फोटो होता. गाडी मागून इतकी बसलेली, की मी त्या काळी ड्यूटीवर असतो तर जागीच थांबवली असती.

नातीने वाढदिवसाची भेट म्हणून गाडी 'रिस्टोर' करून घेतली होती. वर्कशॉप जुन्या मर्सिडीजचंच काम करणारं. बिल पाच आकडी. बिलावर एक ओळ होती: दोन्ही बाजूंचे सिल बदलले, फ्लोअरची दुरुस्ती. सिल म्हणजे दारांच्या खालची, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पट्टी.

कागदपत्रं चोख. चॅसी नंबर 'डब्ल्यूडीबी 123123' पासून सुरू होणारा, म्हणजे जर्मनीत बनलेली 240 डी. इंजिन नंबर डेटा कार्डाशी, म्हणजे गाडीसोबत आलेल्या कारखान्याच्या नोंदीशी, जुळला. पार्किंग ब्रेक पायाने दाबायचा आणि डॅशखालचा खटका ओढून सोडायचा, तोही दोन्ही चाकांवर सारखा लागला. किल्ली फिरवली तशी गाडी लगेच बंद झाली. हे मी मुद्दाम बघतो, कारण या डिझेलचं इंजिन व्हॅक्यूमवर बंद होतं आणि दारांची लॉकंही त्याच व्हॅक्यूमवर. कुठे बारीक नळी गळत असेल तर किल्ली काढून खिशात टाकली तरी इंजिन टकटक करत बसतं. इथपर्यंत मला गाडी आवडली होती.

लिफ्ट वर गेली आणि मला सगळं पोट काळंकुळकुळीत दिसलं. नवं डांबरी कोटिंग, वासही अजून गेला नव्हता. चाळीस वर्षांच्या गाडीचं पोट असं दिसत नाही. ज्याने खरंच चांगलं वेल्डिंग केलंय तो माणूस ते झाकत नाही. तो फोटो काढून ठेवतो, प्रायमर मारतो, वर पारदर्शक मेण फवारतो आणि म्हणतो, बघा. तपासणीच्या तोंडावर डांबर फासणारा आम्हाला न बघायला सांगत असतो.

मी रंगाची जाडी मोजायचं गेज लावलं. दाराच्या खालच्या भागात कारखान्याचा रंग असता तर 120 ते 150 मायक्रॉन दिसायला हवे होते. आकडा आला 1400 च्या वर. आपल्याकडे पेंटर ज्याला लांबी भरणं म्हणतात, ते. लोहचुंबक धरला तर घसरून गेला. सिलमध्ये जॅकची दांडी खुपसायला चार भोकं असतात, त्यातल्या मागच्या उजव्या भोकाचं रबर काढून एंडोस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा कॅमेरा, आत घातला. आत पिवळा फोम होता, खिडक्यांच्या चौकटी बसवताना वापरतात तो. फोम, त्याला चिकटलेले गंजाचे पापुद्रे, आणि बाहेरून फायबरची चटई. 'बदललेलं सिल' म्हणजे हे.

ग्राहकाला लिफ्टखाली यायला आम्ही सहसा देत नाही. देदेंनी विचारलंही नाही, ते आलेच. हातोडी, गेज, कॅमेरा यांतलं काहीही त्यांना नको होतं. सिलच्या खालच्या बाजूला जिथे दोन पत्रे एकत्र येतात, तिथे एक उभी कडा असते. कारखान्यात ती स्पॉट वेल्डने जोडतात, म्हणून त्या कडेवर ठराविक अंतराने बारीक खळगे असतात. देदेंनी पुढच्या चाकापासून अंगठा त्या कडेवरून फिरवायला सुरुवात केली. सावकाश, मोजत. डांबराच्या थरातूनही त्यांना ते खळगे लागत होते. मला सुरुवातीला लागलेच नाहीत. त्यांनी माझा हात धरून अंगठा तिथे दाबला, तेव्हा कुठे एक लागला. पुढच्या दाराच्या साधारण मध्यावर त्यांचा अंगठा थांबला. पुन्हा मागे आला, पुन्हा तिथेच थांबला.

"इथपर्यंत आमचं," ते म्हणाले. "पुढे काही नाही."

मग त्यांनी मला तिथेच उभं राहून सांगितलं, की त्यांच्या लाइनवर ठराविक गाड्यांनंतर एक बॉडी तपासायला काढायचे. स्पॉट वेल्डच्या दोन ठिपक्यांच्या मधे छिन्नी घालून हातोडी मारायची. पत्रा फाटला आणि ठिपका तसाच राहिला तर वेल्ड चांगलं. ठिपकाच सुटला तर लाइन थांबवायची. हे काम ते कित्येक वर्षं करत होते. मी जे इंजिनिअरिंगच्या वर्गात आकृतीतून शिकलो, ते मला या माणसाने एका डांबर फासलेल्या कडेवर शिकवलं.

नातीला मी सांगितलं की एच तर सोडाच, दोन वर्षांचं स्टिकरही देता येणार नाही. ती चिडली, आधी माझ्यावर. "मर्सिडीज आहे ही! यांचा पत्रा जाड असतो, वर्कशॉपवाला म्हणाला थोडा वरवरचा गंज आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! नावाचा दबदबा असा असतो की माणूस तपासायचं सोडून देतो, आणि बरीचशी ठगबाजी त्यावरच चालते. दुसऱ्या कुठल्या चाळीस वर्षांच्या गाडीवर एवढं बिल भरण्याआधी हिने दोन ठिकाणी विचारलं असतं.

तिला मी सिलचं महत्त्व समजावलं. अपघातात गाडीची पुढची-मागची टोकं चुरडावीत आणि मधली पेटी ताठ राहावी, ही कल्पना याच कंपनीतल्या बेला बारेनी या इंजिनिअरची. पेटंट पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीचं, आणि तशी पहिली मोटार रस्त्यावर आली 1959 मध्ये. ती मधली पेटी ताठ ठेवणाऱ्या भागांत सिल येतो. तिथे फोम भरला की बारेनीही गेला आणि त्याचं पेटंटही.

नात बाहेर फोनवर वर्कशॉपशी भांडत होती तेव्हा देदेंनी मला विचारलं, कुठला? पुणे म्हटल्यावर मान हलवली, काही कळलं नसावं. मी सांगितलं, की आमच्याकडे मर्सिडीजचा हा तारा लोकांनी आधी पाहिला तो ट्रकवर. 1954 पासून पंधरा वर्षं टाटांचे ट्रक डाइमलर-बेंझच्या सहकार्याने निघत आणि पुढच्या जाळीवर हाच तारा असे. माझ्या आजोळी जुनी माणसं अजून 'टाटा मर्सिडीज' म्हणतात. ई क्लास पुण्यात जुळवायला लागले ते 1995 मध्ये, आता कारखाना चाकणला आहे. ट्रकचं ऐकून ते खूश झाले. भारतात मर्सिडीज म्हणजे बिल्डर आणि नट, ही समजूत इथे आल्यावर माझी पहिल्याच आठवड्यात गेली होती. इथे टॅक्सी मर्सिडीज, कचऱ्याची गाडी मर्सिडीज, अँब्युलन्स मर्सिडीज. 240 डी ही ऐश करायची गाडी नव्हतीच. 72 हॉर्सपॉवर, चढावर मागच्याला जांभई येईल असा वेग. डब्ल्यू 123 मालिकेच्या जवळपास 27 लाख गाड्या निघाल्या आणि त्यातल्या कितीतरी टॅक्सीवाल्यांनी झिजवल्या. हिच्या आधीच्या मालिकेतली 1976 ची एक 240 डी ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साखिनिदिस या टॅक्सीवाल्याने 46 लाख किलोमीटर चालवली. 2004 मध्ये कंपनीने ती संग्रहालयासाठी घेतली. टिकाऊपणाचं नाव झालं ते अशांमुळे, फाइलवाल्यांमुळे नव्हे.

अहवाल मी नेहमीपेक्षा लांब लिहिला. गेजचे आकडे जागेसकट, एंडोस्कोपचे फोटो, कुठे ठिपके आहेत आणि कुठून नाहीत त्याची आकृती. नात वकिलाकडे जाणार हे उघड होतं, आणि अर्धवट अहवालाचा उपयोग फसवणाऱ्यालाच होतो.

आता जे डोक्यातून जात नाही ते वेगळंच. वर्कशॉपने 'ओरिजिनल करायचं' म्हणून टपावरचा कॅरिअर भंगारात काढला. सीटवरचं मेंढीचं कातडं, मागच्या काचेचा पडदा, तेही. नियमाने बघितलं तर त्या काळातला कॅरिअर चालतो, ती त्या वेळची अ‍ॅक्सेसरी आहे. मी नातीला सांगितलं, तसाच मिळाला तर पुन्हा लावा, फोटो जोडा. आमच्या स्टेशनवरच्या माझ्या सीनिअर सहकाऱ्याला हे अजिबात पटलं नाही. माणूस कामात पक्का आहे, पण त्याच्या लेखी डब्ल्यू 124, म्हणजे हिच्या पुढची मालिका, तिच्यानंतर मर्सिडीज संपली आणि एच म्हणजे देवघर. तो म्हणाला, एच कुणाच्या आठवणींना नसतो, गाडीला असतो. मी म्हटलं, मग हे वारसा प्रकरण नियमात कशाला घातलंय? त्यावर त्याने विचारलं ते मात्र मला अडकवून गेलं. दोन्ही सिल, फ्लोअर, पुढचे फेंडर नव्या पत्र्याचे झाल्यावर तू 'मूळ स्वरूप' कशाला म्हणणार? इतरांच्या गाड्यांना मी असं दुरुस्तीचं काम मान्य करतोच, व्यवस्थित वेल्डिंग असेल तर. पण त्यांच्या गाड्यांचे ठिपके मोजणारा माणूस माझ्या शेजारी उभा नव्हता.

देदेंनी या वेळी वेल्डर स्वतः निवडला आहे. त्यांच्याच लाइनवर नंतर लागलेला कुणीतरी, आता निवृत्त, घरामागच्या गॅरेजात काम करणारा. ठिपक्यांमधलं अंतर किती ठेवायचं ते त्याला कागदावर लिहून दिलंय म्हणे. डांबर लावायचं नाही हेही. गाडी मार्चमध्ये येईल. सहकाऱ्याचं म्हणणं आहे, की फेरतपासणी त्याने करावी, कारण या गाडीच्या बाबतीत मी आता तटस्थ राहिलेलो नाही. मला ते मान्य नाही आणि अपॉइंटमेंट मी माझ्याच नावावर टाकून ठेवली आहे.